ब्रेक सेक्शनच्या बाई

बाईंचा राग डेपोभर प्रसिद्ध होता. नवा फिटर कामावर आला की जुने लोक त्याला पहिल्याच दिवशी दोन प्रेशर दाखवत. एक हवेच्या टाकीवरच्या काट्याचं आणि दुसरं बसखालच्या खड्ड्याच्या काठावर हातात पाना घेऊन उभं असलेलं. टाकीतली हवा जास्त झाली की झडप आपोआप उघडते, असं ते त्याला समजावत. दुसऱ्या प्रेशरला झडपच बसवलेली नाही. बाईंच्या कानावर हे केव्हाच गेलं होतं आणि त्यांना त्यात काही निंदा दिसत नव्हती. त्या ब्रेक सेक्शनच्या प्रमुख होत्या. त्यांची सही झाल्याशिवाय एकही बस फाटकाबाहेर पडत नसे. आपल्या एका सहीवर पन्नास माणसं उतारावरून खाली येणार आहेत हे ज्याला रोज आठवावं लागतं, त्याने गोड बोलत बसावं अशी अपेक्षा करणाऱ्यांनी खुशाल मिठाईचं दुकान काढावं, असं त्या म्हणत.

राग जन्माचा होता. दुखणं चौतिसाव्या वर्षी आलं. एका सकाळी मूठ वळेना. आठवडाभरात शर्टाचं बटण लागेना, नळ फिरेना, पाना हातातून निसटायला लागला. सांध्यांच्या एका डॉक्टरणीने, जिला पुढे त्या घरीदारी ‘सांधेवाल्या मॅडम’ म्हणू लागल्या, रक्त तपासून त्यांना समोर बसवलं. बाहेरून आलेल्या जंतूंवर तुटून पडायला प्रत्येकाच्या शरीरात राखणदार पेशी असतात, मॅडमनी सांगितलं, आणि बाईंच्या राखणदारांनी बाईंच्याच सांध्यांचं अस्तर परकं ठरवलं होतं. कुंपणच शेत खात होतं.

"का पण?" बाईंनी विचारलं.

"ते अजून कोणालाच नीट कळलेलं नाही," मॅडम म्हणाल्या.

बाईंना हे उत्तर आवडलं. ठाऊक नाही तर ठाऊक नाही म्हणणारी माणसं त्यांना आयुष्यात फार भेटली नव्हती. त्या दिवसापासून मॅडमवर त्या एकदाही ओरडल्या नाहीत, म्हणजे पुढची बावीस वर्षं.

औषधं सुरू झाली. त्यांचं सूत्र एकच: राखणदारांना पेंगुळतं ठेवायचं. आधी आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या, काही वर्षांनी दर पंधरवड्याला पोटाच्या कातडीत टोचायचं इंजेक्शन. शरीरात सूज पेटवत फिरणारा एक निरोप्या असतो, इंजेक्शन त्याला वाटेतच धरतं, असं मॅडमनी सांगितलं होतं. ते इंजेक्शन फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या खालच्या कप्प्यात असे. या औषधांच्या जिवावर बाईंनी बावीस वर्षं ब्रेक उघडले, बसवले, नापास केले. पेंगुळलेले राखणदार खरा चोर आला तरी उशिरा उठतात, म्हणून साधी सर्दी त्यांच्या छातीत उतरायची आणि महिना खायची. हा सौदा त्यांनी डोळे उघडे ठेवून केला होता.

त्यांना खरा संताप यायचा तो डब्यांचा. मोठी नणंद वर्षातून दोन-तीनदा यायची आणि दर खेपेला प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या पावडरचा एक डबा आणायची. डब्यावर दंड फुगवलेला माणूस.

"वन्सं, माझी प्रतिकारशक्ती कमी नाही, जास्त आहे," बाई सांगत. "ती अजून वाढली तर माझे गुडघे खाईल."

"अगं पण सगळेच घेतात."

"मग सगळ्यांचे गुडघे मला द्या, मी पण घेते."

नणंद हसायची आणि डबा ठेवून जायची. ती मनाची वाईट नव्हती, म्हणून तर बाईंचा राग आणखी चढायचा. दुष्ट माणसाला निदान घराबाहेर काढता येतं. बाईंचा नवरा ग्रंथालयातून निवृत्त झालेला, मुलखाचा शांत माणूस. तो डबे रिकामे करून त्यांत खिळे आणि स्क्रू ठेवायचा. घरात तेवढे खिळे नव्हते.

छपन्नाव्या वर्षी खोकला लागला आणि जाईना. इंजेक्शन घेणाऱ्यांचा खोकला मॅडम कधी हसण्यावारी नेत नसत. त्यांनी छातीचा फोटो काढवला. फोटोत जंतूंची सावली असेल अशी सगळ्यांची समजूत होती. सावली निघाली, पण जंतूंची नव्हे. पुढच्या तीन आठवड्यांत यंत्रात घातलं, सुई टोचून तुकडा काढला, आणि निकाल आला: फुफ्फुसाचा कर्करोग, उजवीकडून डावीकडे पोचलेला. म्हणजे कापून काढण्याचा प्रश्न मिटला.

कर्करोगाचा डॉक्टर तरुण होता, हुशार होता आणि घाईत होता. सिगारेट ओढलीत का, त्याने विचारलं. नाही. काम काय करता? बाईंनी सांगितलं. त्याने पेन थांबवून पुन्हा विचारलं, कधीपासून?

त्यांच्या उमेदवारीच्या काळात ब्रेकचा ड्रम उघडला की आत साठलेली करडी भुकटी कंप्रेसरच्या हवेने उडवून द्यायची पद्धत होती. दिवसाला दहा-बारा ड्रम. भुकटी केसांत, कॉलरमध्ये, चहाच्या कपात. त्या काळच्या लायनरांत, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांत, ॲस्बेस्टॉस असायचं, आणि त्याचे तंतू फुफ्फुसात बसले की उठत नाहीत. धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा, असा कागद डेपोच्या वरच्या मजल्यावर आला होता. तो कागद खाली वर्कशॉपमध्ये यायला नऊ वर्षं लागली. मधला जिना सतरा पायऱ्यांचा आहे. कागद कोणी दाबला नव्हता, लपवला नव्हता. एका फाइलखाली दुसरी फाइल आली, एवढंच झालं होतं. कोणाचा गळा धरावा असा माणूसच सापडत नव्हता, आणि हे बाईंना सगळ्यात असह्य होतं.

"त्यानेच झालं असं खात्रीने नाही सांगता येणार," डॉक्टर म्हणाला.

"तुम्ही नका सांगू. मी सांगते," बाई म्हणाल्या.

मग त्याने उपचाराचं बोलणं काढलं. केमो देता येईल, पण तुमच्या गाठीवर एक प्रथिन भरपूर आहे, त्यामुळे दुसरं एक औषध जास्त लागू पडेल. हे औषध गाठीला हातच लावत नाही. ते तुमच्याच राखणदार पेशींना मोकळं करतं, आणि मग त्या गाठीवर तुटून पडतात. आपण कोणाशी बोलतोय हे आठवून त्याला एकदम उदाहरण सुचलं आणि तो खुलला.

"तुम्हाला तर लगेच कळेल. या पेशींना ब्रेक असतो. आपण तो काढून टाकतो."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काढून टाकता?"

"म्हणजे, साध्या भाषेत..."

"साध्याच भाषेत बोलतेय. ब्रेक झिजला तर बदलतात. जाम झाला तर सोडवतात. भरल्या गाडीचा ब्रेक जो काढून टाकतो, त्याला आमच्याकडे पोलीस घेऊन जातात."

नवरा शेजारी बसून स्वतःच्या चपलांकडे पाहत होता. पण त्या तरुणाचं एक मानायला हवं: त्याने पेन खाली ठेवलं, एक कोरा कागद ओढला आणि चित्र काढलं.

"चुकलो मी. ब्रेक जागच्या जागीच राहतो. तो नसता तर राखणदारांनी घरच्यांनाच मारलं असतं. गाठ लबाड असते. ती आपला पाय त्या पेडलवर दाबून उभी राहते. पेशी जवळ येते, थांबते, परत फिरते. आपलं औषध गाठीचा पाय पेडलवर पडू देत नाही."

"मग तसं म्हणा की," बाई म्हणाल्या. त्यांनी कागद स्वतःकडे फिरवून नीट पाहिला. "आणि माझ्या सांध्यांकडे निघालेल्या पेशी? त्यांच्या पेडलवरही कोणाचा तरी पाय असेलच."

"असेल. तोही निघेल. कुठला पाय गाठीचा आणि कुठला चांगला, हे औषधाला कळत नाही."

"म्हणजे हात जाणार."

"जातीलच असं नाही. पण सांधे भडकू शकतात. आतडी, थायरॉइड, यकृत, काहीही भडकू शकतं. सगळ्यांनाच हा धोका असतो, तुम्हाला जास्त."

बाई उठून खिडकीपाशी गेल्या. बावीस वर्षं झोपवा, झोपवा म्हणालात. दर पंधरा दिवसांनी पोटाला टोचून यांना झोपवलं. आता म्हणता उठवा. हे सगळं त्या मोठ्याने बोलत होत्या आणि बाहेर बसलेल्या लोकांना ते अक्षर न् अक्षर ऐकू येत होतं. आणि जे त्या बोलल्या नाहीत तेही खरं होतं: आपण झोपवून ठेवलेल्या राखणदारांच्या नाकाखालून तर हा चोर आत शिरला नाही ना, ही शंका त्यांना आतून पोखरत होती. मॅडमना त्यांनी नंतर ते विचारलं. मॅडम म्हणाल्या, तसा पुरावा फुफ्फुसाच्या बाबतीत नाही, पण माझ्याही मनात ते येऊन गेलं.

पुढचे पाच आठवडे मात्र कोणत्याही शहाण्या माणसाचा तिळपापड व्हावा असे गेले. कर्करोगवाला म्हणाला, सांध्यांचं इंजेक्शन आधी बंद करा. मॅडम म्हणाल्या, एकदम बंद केलंत तर महिन्याभरात तुम्ही अंथरुणातून उठणार नाही. त्यांना विचारा, कमी करून चालेल का. तो म्हणाला, त्यांनाच विचारा, किती कमी. मॅडम जुन्या इमारतीत, तो नव्या इमारतीत. दोन्हींना जोडणारा रस्ता दुरुस्तीसाठी बंद, म्हणून बाहेरच्या रस्त्याने वळसा घालून जायचं. सुजलेल्या घोट्यांनी, खोकत, कडेवर मूल घ्यावं तशी फाइल घेऊन बाईंनी हा वळसा चार वेळा घातला. प्रत्येक वेळी एक चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीवर एक प्रश्न आणि गाठ आपली वाढते आहे. भेटायला येणारे सांगत होते, धीर धरा, तुम्ही लढवय्या आहात. बाईंना लढायचं नव्हतं. आपल्या अंगात कोण काय करतंय हे एकाच ठिकाणी उभं राहून ऐकायचं होतं.

डेपोत एक पद्धत आहे. गाडीच्या ब्रेकला हात लावण्याआधी फिटर स्टिअरिंगला लाल पत्र्याचा बिल्ला अडकवतो, त्यावर त्याचं नाव. दोघे काम करत असतील तर दोन बिल्ले. ज्याचं नाव त्यानेच बिल्ला काढायचा, आणि खालचा माणूस "ऐकलं" म्हणेपर्यंत वरच्याने हवा सोडायची नाही. बाई नव्या असताना एकाने हाक न मारता हवा सोडली होती, आणि खालच्याची तीन बोटं ड्रममध्ये गेली. तेव्हापासून हा नियम दगडावरची रेघ.

एका दुपारी बाई कपाटातून दोन लाल बिल्ले घेऊन नव्या इमारतीत गेल्या आणि कर्करोगाच्या डॉक्टरच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. आत रोगी जात होते, येत होते. त्यांना त्या अडवत नव्हत्या. जेवायला निघालेल्या डॉक्टरला मात्र त्यांनी अडवलं.

"मॅडमना फोन करा. त्या इथे येतील, नाहीतर आपण तिथे जाऊ. माझ्यावर दोघं काम करताय आणि एकमेकांना हाक मारत नाही. आमच्याकडे अशाने बोटं जातात."

मॅडम आल्या, वळसा घालून, घामाघूम. बाईंनी दोघांपुढे बिल्ले आणि जाड पेन ठेवलं. नाव लिहा, खाली फोन नंबर. डॉक्टरला हसू येत होतं, बाईंचं तोंड पाहून त्याने ते गिळलं आणि लिहिलं. बिल्ले फाइलच्या दोरीला बांधले गेले. मग ते दोघं बोलले. इंजेक्शन बंद, त्याऐवजी स्टेरॉइडची अगदी लहान गोळी, तीन आठवड्यांनी पहिला डोस, दर डोसआधी मॅडमनी सांधे पाहायचे. सगळं ठरायला दहा मिनिटं लागली. पाच आठवडे ज्याच्यासाठी पायपीट केली ते दहा मिनिटांत झालं, या विचाराने बाईंना घरी जाताना आनंद व्हायच्या ऐवजी रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला.

निघताना मॅडमनी एक गोष्ट दोनदा सांगितली. जुलाब, पुरळ, दम, काहीही नवं झालं तर त्याच दिवशी फोन. लवकर कळलं तर आवरता येतं.

औषध म्हणजे हाताच्या शिरेतून अर्धा तास थेंब थेंब जाणारं पाणी. एवढ्या उठाठेवीनंतर एवढंसं पाणी पाहून बाईंना ते फसवणूक वाटलं. पण तिसऱ्या डोसनंतरच्या फोटोत गाठी अर्ध्याहून लहान झाल्या होत्या. खोकला गेला. जिना एका दमात चढता येऊ लागला. मनगटं सुजली, पण पाना धरण्यापुरती शाबूत होती, आणि आठवड्यातून दोन दिवस बाई डेपोत जाऊन पुन्हा लोकांच्या अंगावर ओरडू लागल्या. सेक्शनमधल्या एकाने म्हणे घरी जाऊन सांगितलं की बाई बऱ्या झाल्या, आज मला गाढव म्हणाल्या.

नणंद फोटोचा निकाल ऐकून आली. "बघ," ती म्हणाली, "शेवटी प्रतिकारशक्तीच कामाला आली ना?" तो दिवस बाईंनी फणफणत काढला.

चौथ्या डोसनंतर दहाव्या दिवशी पोट बिघडलं. दिवसातून तीनदा.

आता बाईंनी जे केलं ते सांगताना माझाही हात आखडतो, पण सांगायला हवं. त्यांनी फोन केला नाही. ब्रेकची तक्रार लिहिली की गाडी रस्त्यावरून उतरवतात, हे त्यांच्या हाडांत मुरलं होतं. त्यांनीच हजारो गाड्या उतरवल्या होत्या. फेरी बुडू नये म्हणून पेडल मऊ लागत असल्याचं लपवणारे ड्रायव्हर त्यांनी पाहिले होते. एकाला तर त्यांनी सगळ्या डेपोसमोर उभं करून असं सोलून काढलं होतं की तो वर्षभर त्यांच्या समोरून गेला नाही. आणि आता आपण तक्रार लिहिली तर आपल्याला उतरवतील, औषध बंद करतील, गाठी पुन्हा वाढतील, असा हिशेब त्यांनी केला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. काहीतरी खाण्यात आलं असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. औषधाच्या दुकानातून पोट बांधणाऱ्या गोळ्या आणल्या. नवऱ्याला आवाज जाऊ नये म्हणून त्या न्हाणीघरातला नळ सोडून ठेवत. तीनाचे पाच झाले, पाचाचे आठ. नवव्या दिवशी रक्त दिसलं. तेव्हा त्या खरोखर घाबरल्या, आणि घाबरल्या म्हणून आणखी दोन दिवस गप्प राहिल्या.

बाराव्या दिवशी सकाळी त्या न्हाणीघराच्या दारात कोसळल्या. नवऱ्याने आधी आत पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्याला सगळं कळलं. त्याने फाइल काढली आणि बिल्ल्यांवरचे दोन्ही नंबर एकामागून एक फिरवले.

मोकळ्या सुटलेल्या राखणदारांनी आता आतड्याचं अस्तर धरलं होतं. मोठ्या प्रमाणात स्टेरॉइड शिरेतून सुरू केलं. तीन दिवस झाले तरी आग विझेना. चौथ्या दिवशी मॅडमनी दुसरी बाटली लावायला सांगितली. बाईंनी मान वळवून लेबल वाचलं. नाव निराळं होतं, पण शेवटची अक्षरं ओळखीची.

"हे आपल्या फ्रिजमधल्यासारखंच दिसतंय."

"त्याच घराण्यातलं आहे," मॅडम म्हणाल्या. "निरोप्याला वाटेत धरणारं. सांध्यांत काय आणि आतड्यांत काय, आग लावणारा बऱ्याचदा एकच असतो."

म्हणजे जे बंद करण्यासाठी आपण पाच आठवडे दोन इमारतींत चपला झिजवल्या, तेच आज आपला जीव वाचवायला खांबावर टांगलंय. झोपवा, उठवा, झोपवा. बाईंच्या अंगात ओरडण्याइतकं त्राण नव्हतं. नाहीतर त्या वॉर्डाने ते ऐकलं असतं.

दोन दिवसांत पोट निवळलं. आठव्या दिवशी दोघं डॉक्टर एकत्र आले, या वेळी न बोलावता, आणि बाईंना व नवऱ्याला कर्करोगाच्या डॉक्टरच्या खोलीत बसवलं.

"गाठींवरचं औषध आता बंद," तो म्हणाला. "पुन्हा दिलं तर आतडं फाटू शकतं."

"आणि गाठी?"

"सध्या दबलेल्या आहेत. औषध थांबलं तरी काही जणांत पेशी आपलं काम चालू ठेवतात, कधी कधी वर्षानुवर्षं. काही जणांत नाही. तुमचं काय ते तीन महिन्यांनी फोटो काढल्यावर कळेल."

बाईंनी मॅडमकडे पाहिलं. जो प्रश्न होता तो त्यांना विचारण्यासारखा होता, कारण त्या खोटं बोलणार नव्हत्या.

"पहिल्या दिवशी फोन केला असता तर?"

मॅडमनी चष्मा काढला. "तर बहुतेक गोळ्यांवर भागलं असतं. महिना-दीड महिना थांबून पुढचा डोस देता आला असता. नक्की नाही सांगत. पण बहुतेक."

नवरा उठला आणि दार ढकलून बाहेर गेला. बाई भिंतीला धरत त्याच्या मागे गेल्या. बाहेर बाकांवर माणसं बसली होती, हातात आपापल्या फायली घेऊन. नवरा खिडकीपाशी पाठ करून उभा होता, आणि तो बोलायला लागला तेव्हा बाईंना क्षणभर वाटलं, दुसरंच कोणी बोलतंय.

"अकरा दिवस," तो म्हणाला. "अकरा दिवस मी दाराबाहेर होतो. नळाचा आवाज यायचा आणि मला वाटायचं, हिला आता बरं वाटतंय, निवांत आंघोळ करतेय. मी चहा गरम करून ठेवायचो."

"अहो..."

"तीस वर्षं मी ऐकून घेतलं. ताईला बोललीस, डॉक्टरांना बोललीस, त्या ड्रायव्हरची अब्रू काढलीस. सगळ्या जगाने तुला खरं सांगायचं. आणि तू मला खरं सांगणार नाहीस. मी कोण लागतो तुझा?"

बाईंनी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं, आणि उलट उत्तर देण्याची आयुष्यभराची सवय असलेल्या त्या बाईला तोंडात आलेलं एकही उत्तर पुरेसं वाटेना.

"मला मरायचं नव्हतं म्हणून नाही सांगितलं," त्या म्हणाल्या.

ते त्यांच्या नेहमीच्या, खड्ड्यापलीकडे ऐकू जाणाऱ्या आवाजात निघालं. बाकांवरची सगळी माणसं वळली. एका बाईने हातातली फाइल छातीशी धरली. नवरा बाकाच्या टोकाला बसला, आणि जरा वेळाने बाईही त्याच्या शेजारी बसल्या. दोघांमध्ये हातभर अंतर होतं.

"पेन आहे?" बाईंनी विचारलं.

"आहे."

"मग लिहा. सकाळपासून दोनदा. रक्त नाही. डावं मनगट सुजलंय. उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत, परवापासून. वॉर्डाच्या टोकापर्यंत जाऊन परत येताना आज एकदा दम लागला. काल नव्हता लागला."

तो लिहीत गेला. शेवटच्या वाक्यापाशी त्याचं पेन जरा अडखळलं.

"अजून काही?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजातला राग अजून गेला नव्हता.

"भीती वाटते. तेही लिहा."

त्याने तेही लिहिलं, खाली तारीख आणि वेळ टाकली, आणि कागद घेऊन उठून त्याने नुकतंच बंद झालेलं डॉक्टरचं दार पुन्हा वाजवलं.